स्प्रिंगचं उत्तर एकदा १० सेमी येतं आणि एकदा २० सेमी, नक्की कुठलं खरं?

ऐरोली_अकरावी
परवा व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे म्हणून घाईत विचारतेय. प्रॅक्टिकलला स्प्रिंगला ५०० ग्रॅम लटकवलं तर पॉइंटर १० सेमी खाली आला, जी (गुरुत्वाकर्षणाचा) १० धरला की वजन ५ न्यूटन, म्हणजे के, स्प्रिंगचा कडकपणा, आला ५० न्यूटन पर मीटर, इथपर्यंत ठीक. मग म्हटलं एनर्जीने पण काढून बघू. वजन एक्स अंतर खाली आलं म्हणजे एमजीएक्स (वजन गुणिले अंतर) एवढी एनर्जी कमी झाली, ती स्प्रिंगमध्ये हाफ केएक्स स्क्वेअर म्हणून गेली, दोन्ही सारखे ठेवले तर एक्स येतो २० सेमी!! तीनदा केलं. क्लासमध्ये विचारलं तर म्हणे हे परीक्षेला येत नाही, फोर्सनेच काढ. पण चुकतंय कुठे?

घणसोलीकर
हवेच्या फ्रिक्शनमध्ये जात असेल, आयडियल केसमध्ये २०च येणार बघ.

नौपाड्याचा_काका
अहो घणसोलीकर, पाव ज्यूल हवा खाते म्हणजे जरा जास्तच झालं. एमजीएक्स येतो ०.५ ज्यूल आणि स्प्रिंगमध्ये आहे ०.२५, बरोब्बर अर्धी गायब.

अगं, तू वजन अडकवलंस तेव्हा खालून हात धरला होतास ना? सगळेच धरतात, नाहीतर हँगर पायावर पडतो. ती उरलेली एनर्जी तुझ्या हाताने काढून घेतली. सुरुवातीला हाताने ५ न्यूटन पेललं, मग कमी कमी होत १० सेमीला शून्य, सरासरी अडीच न्यूटन गुणिले ०.१ मीटर, झाले ०.२५ ज्यूल.

आता हात एकदम सोडलास तर? १० सेमीला पोचेल तेव्हा वजन थांबलेलं नसेल, सेकंदाला १ मीटर वेगाने खाली चाललेलं असेल, तोच तुझा हरवलेला पाव ज्यूल. म्हणून ते पुढे जाऊन २० सेमीला थांबतं. पण तिथे स्प्रिंग ओढतेय १० न्यूटनने आणि वजन फक्त ५, राहील कसं, परत वर येणार. रद्दीवाल्याचा हुकवाला काटा आठव, गठ्ठा अडकवून हात झटकन सोडला की काटा सर्रकन खाली जातो आणि नाचत बसतो. आमची आई जिन्यात उभी राहून म्हणायची, थरथर थांबू दे मग वाच, आणि रद्दीवाला मात्र काटा वर गेला की वाचायचा!

तुझं एनर्जीचं गणित सांगतं वजन खाली कुठवर जाईल, फोर्सचं सांगतं शेवटी कुठे थांबेल.

कोपरखैरणे_ताई
काकांचं बरोबर. व्हायवाला 'हाफ कुठून आला' हे हमखास विचारतात, तेव्हा फॉर्म्युला पाठ म्हणू नकोस, फोर्स आणि एक्सटेन्शनचा ग्राफ काढ, त्रिकोणाचं क्षेत्रफळ दाखव. मूड चांगला असेल तर रॉबर्ट हूकचा किस्सा पण सांग, जेवढा जोर तेवढा ताण हा स्प्रिंगचा नियम त्याने १६७६ मध्ये अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात छापला, उत्तर १६७८ मध्ये दिलं, म्हणजे कोणी ढापू नये आणि श्रेय पण आपलंच. आणि उगाच २ किलो लटकवू नका, आमच्या बॅचला एकाने ताणून ठेवलेली स्प्रिंग वर्षभर लोंबत होती, रीडिंग काही जुळायचं नाही.

ऐरोली_अकरावी
थँक्यू काका, ताई! आज लॅबमध्ये हात सोडून बघितलं, मैत्रिणीने मोबाईलवर स्लो मोशन घेतलं, सगळ्यात खाली १९ सेमीपेक्षा जरा जास्त गेलं. १० फेऱ्यांना ६.४ सेकंद लागले, गणिताने ६.२८ येतात. हा फरक पण हाताचाच का?

नौपाड्याचा_काका
नाही, अर्ध्याहून जास्त जी १० धरल्याचा, ९.८ धरलास तर ६.३५ येतात, उरलेला स्प्रिंगचा. तीही हलतेच की, तिचं वजन आपण धरलंच नाही. तिच्या मासचा एक तृतीयांश ५०० मध्ये मिळव आणि परत काढ.