मदत हवी आहे: कयाकमधून गोड्या पाण्यात गरवायला (गळाने मासे पकडायला) जागा (चिपळूण-खेड परिसर)

नमस्कार मंडळी. मुक्काम चिपळूण. पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कोंडीत काठावरून गरवायची सवय लहानपणापासूनची, होडीतून मात्र कधीच नाही. यंदा दिवाळीत मी आणि मावसभावाने दोन कयाक घेतल्या. एक टणक प्लास्टिकची, दुसरी हवा भरायची.

यूट्यूबवर सगळे अमेरिकेतले व्हिडिओ. ब्लूगिल, क्रॅपी असले तळहाताएवढे मासे, नवशिक्यालाही पटापट लागतात. ते आपल्याकडे नाहीत, ठाऊक आहे. पण त्याच तोडीची मजा हवी आहे: संथ गोडं पाणी, लहान मासा, हलका गळ.

वाशिष्ठी नको. कोयनेच्या वीजघरांचं पाणी येतं म्हणून ती मे महिन्यातही भरलेली दिसते, पण पाणी कधी चढेल सांगता येत नाही, आणि मगरी आहेतच. खाडीही नको. भाऊ अजून वल्हं मारायला शिकतोय, ओहोटीला चिखलात रुतलो तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसायचं. मग जायचं कुठे? आणि नव्या पाण्यावर गेल्यावर मासा कुठे असेल हे कसं ओळखायचं?

जुना_गरवणारा:
मोठ्या धरणांच्या नादी आत्ता लागू नका. खेडचं नातूवाडी किंवा राजापूरचं अर्जुना दिसायला झकास, पण पाणी अफाट. सकाळी मतलई (जमिनीवरचा) वारा असेपर्यंत ठीक, दुपारी खारा (समुद्रावरचा) वारा सुटला की हलकी कयाक भलत्याच काठाला लागते आणि परतताना खांदे निघतात.

तुमच्या तालुक्यातले लघु पाटबंधाऱ्यांचे आणि पाझर तलाव धुंडाळा. मी तीन गोष्टी बघतो. गाडी पाण्याजवळ जाते का, उतरायला काठ सपाट आहे का, आणि समोरच्या काठावरच्या माणसाला हाक ऐकू जाते का. तिन्ही जमलं तर नवशिक्याला तो तलाव चांगला. बांधाच्या भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहायचं.

तुम्हाला हवा तो मासा म्हणजे चिलापी (तिलापिया). सकाळच्या तिरप्या उन्हात उथळ काठाशी हळू जा, तळाच्या मातीत ताटलीएवढे गोल खळगे दिसतील. नर तोंडाने माती उचलून बाहेर टाकत ते करतो आणि दुसरा नर जवळ आला की धावून जातो. असे पाच-सहा खळगे एका ठिकाणी दिसले की कयाक थांबवा आणि लांबूनच गळ टाका. वर नेलीत तर सगळे पसार, मग अर्धा तास काही मिळत नाही. दुसरी जागा बुडालेल्या झाडांच्या फांद्या, तिसरी पऱ्ह्या तलावाला मिळतो तिथे. बारीक गरी (गळाचा आकडा), पातळ तंगूस (नायलॉनची दोरी), छोटा फ्लोट, आमिषाला दानवे (गांडुळं) नाहीतर कणकेची गोळी. महागडे नकली मासे कपाटातच राहू द्या.

खाजणातला_खेकडा:
परवानगीचं राहिलं. बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे घालून रोहू, कटला, मृगळचं बीज सोडलेलं असतं, त्यामुळे अनोळखी होडी दिसली की राग येणं साहजिक आहे. आधी ग्रामपंचायतीत जाऊन ठेका कोणाचा ते विचारा. आमच्याकडे संस्थेच्या सेक्रेटरींनी ‘चिलापी न्या, रोहू लागला तर सोडा’ एवढंच सांगितलं. कारण चिलापी रोहूच्या पिल्लांच्या वाट्याचं खाते, शिवाय बारमाही वीण. मगरीचं तिथेच विचारून घ्या, गुराख्यांना बरोबर माहीत असतं.

मालवणी_मेवो:
सिंधुदुर्गात इलास तर धामापूर बघूक ये. १५३० सालचा तळा, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत गेला. पण काठावर भगवतीचा देऊळ आसा, गावात विचारल्याशिवाय गरी टाकू नको.

रानजाई:
यात भर घालते. महाडकडे फिरकलात तर वाळणकोंडीच्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे, त्यांना लाह्या-चुरमुरे घालायचे आणि हात जोडायचे, गळ गाडीतच ठेवायचा. त्या बाजूला सावित्रीतही मगरी आहेत, तेव्हा तिथे कयाकचा विचार नको. आणि मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. लोक मारतात, मला पटत नाही. दिवाळी ते मे एवढा काळ पुरेसा आहे की!

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. गावापासून जवळच एक पाझर तलाव आहे, उद्या पंचायतीत जातो. दोन शंका. कयाक एका जागी थांबवायची कशी? आणि हवेच्या कयाकमध्ये शिंगटी (काटेवाला मिशाळ मासा) आली तर?

जुना_गरवणारा:
जाळीच्या पिशवीत दगड घाला, दोरी पाण्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट. बांधायची पुढच्या किंवा मागच्या टोकाला, कुशीला कधीही नाही, वाऱ्याने कयाक आडवी झाली की तिथूनच उलटते. दोरी चटकन सुटेल अशी गाठ मारा. लाइफ जॅकेट अंगावर, मागे बांधून ठेवलेलं नव्हे.

शिंगटीचं भय खरं आहे. दोन्ही कुशींचे काटे आणि पाठीवरचा काटा ती ताठ करते आणि ते तसेच अडकून राहतात. तडफडली तर हात फाटतो, हवेची कयाक तर नक्कीच. म्हणून हवेच्या कयाकमध्ये दानव्याऐवजी कणीक वापरा, शिंगटी कमी लागेल. लागलीच तर आत घेऊ नका, बाहेरच लोंबती ठेवून पक्कडीने गरी सोडवा. टणक कयाक भावाला द्या.