पगारकपात नव्हे, उधारी
एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, करार रिस्ट्रक्चर केला (ठरलेल्या पैशांची फेरमांडणी केली) म्हणजे क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून चाली रचणाऱ्या मुख्य खेळाडूने) संघासाठी पगार सोडला, असं कुणीतरी म्हटलंय. बहुतेक वेळा एक डॉलरही सुटत नाही, उलट पैसे लवकर हातात पडतात.

समजा यंदाचा पगार ४ कोटी डॉलर आणि कराराची पाच वर्षं शिल्लक. त्यातले साडेतीन कोटी साइनिंग बोनस (करारापोटी मिळणारी एकरकमी रक्कम) म्हणून आत्ताच देऊन टाकायचे. कॅपच्या (संघाच्या पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या) हिशेबात ते पाच वर्षांत सत्तर-सत्तर लाखांनी विभागले जातात. उरलेला पगार ५० लाख आणि हा हप्ता ७० लाख, म्हणजे यंदाचा बोजा ४ कोटींवरून १ कोटी २० लाखांवर! २०२१ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स संघाने आपला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या २.१७ कोटींच्या रोस्टर बोनसचं (संघात राहिल्याबद्दलच्या रकमेचं) हेच केलं, कॅपमध्ये साधारण १.७ कोटींची जागा झाली.

पण ही उधारीच. खेळाडूला मध्येच सोडलं की उरलेले हप्ते अंगावर येतात. क्वार्टरबॅक रसेल विल्सनला २०२४ मध्ये सोडल्यावर डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाच्या माथी दोन हंगामांत मिळून ८.५ कोटी बसले, तेही दुसऱ्या संघाकडून खेळणाऱ्या माणसासाठी.

खरी कपात पाहायची तर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजची. २०२१ मध्ये निवृत्तीआधी त्याने अडीच कोटींचा पगार १०.७५ लाखांवर आणला. अर्थात, तो खेळणारच नव्हता म्हणा!