शेतकरी कामगार पक्षाचा मतदार गेला कुठे?

प्रश्न

केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी १९४७ साली काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) उभा केला आणि पुढच्याच वर्षी ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९५० साली दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला. पण १९५४ मध्ये जेधे पुन्हा काँग्रेसमध्ये गेले, मोरेही परतले. एके काळी खेडोपाडी पोहोचलेला हा पक्ष पुढे रायगड, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला अशा मोजक्या पट्ट्यांत उरला. पक्षाचा विचार बदलल्यामुळे मतदार तुटला, की मतदार आधीच दुसरीकडे वळला होता?

प्रतिसाद १

जेध्यांचा प्रवास पाहिला तर उत्तराची दिशा सापडते. ब्राह्मणेतर चळवळ, काँग्रेस, शेकाप आणि पुन्हा काँग्रेस अशी त्यांची वाट झाली. त्यांच्यामागे उभा असलेला मराठा-कुणबी शेतकरी मात्र तोच होता. या शेतकऱ्याला सत्तेत वाटा हवा होता. दाभाडीने त्याच्यापुढे वर्गसंघर्ष मांडला, आणि ज्याच्या घरी दोन बैल व चार सालगडी होते त्याला त्या मांडणीत आपण नेमके कोणत्या बाजूला, हे उमगेना. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत पक्षाला मोठे यश मिळाले खरे, पण ते भाषिक राज्याच्या मागणीचे होते आणि १ मे १९६० रोजी ती मागणी पूर्ण झाली. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, साखर कारखाने आणि सोसायट्या वाढत होत्याच. विरोधकांनाही सामावून घेणाऱ्या यशवंतराव चव्हाणांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’त गावच्या कर्त्या माणसाला चेअरमनपद, सभापतिपद दिसू लागले. मग विरोधात बसायचे कशासाठी? माझ्या मते मतदार आपल्या जागी होता, सत्ताच त्याच्या दारात आली.

प्रतिसाद २

पश्चिम महाराष्ट्रापुरते हे पटते, पण आमच्या अलिबागकडची गोष्ट वेगळी आहे. इथे पक्षाच्या आधी चरीचा संप आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांनी, खोतांची म्हणजे जमीनदारांची जमीन कसली नाही, आणि ज्या घरांनी ती उपासमार सोसली त्यांनीच पुढे लाल बावटा धरला. त्यामुळे १९५४ मध्ये पुढारी परतले तरी इथला मतदार हलला नाही.

तो हलला तो जमिनीची मागणी पूर्ण झाल्यावर, आणि तेही हळूहळू. आमच्या घरी आजोबांचा जुना सात-बारा आहे. त्यात त्यांचे नाव कुळाच्या रकान्यात आहे. कूळकायद्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक ठरला, तेव्हा फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) होऊन तेच नाव कब्जेदाराच्या रकान्यात आले. आजोबा मरेपर्यंत पक्षाचे राहिले, कारण दोन्ही रकाने त्यांना आठवत होते. वडिलांना फक्त दुसराच ठाऊक होता.

पुढे पनवेल-उरणच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने घेतल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या १९८४ च्या आंदोलनात जासईजवळच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. त्या हुतात्म्यांचे ऋण आम्ही कोणीही विसरू नये. पण भूखंड हाती आल्यावर पुढच्या पिढीचे प्रश्न परवान्यांचे, कंत्राटांचे, बांधकामांचे झाले. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार होते, नंतर ते काँग्रेसमध्ये गेले, आणि त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर २०१४ मध्ये भाजपचे आमदार झाले. त्याला नुसते पक्षांतर म्हणणे मला अपुरे वाटते. त्यांच्यामागचा मतदारही तीच वाट चालून गेला होता.

प्रतिसाद ३

सांगोल्याबद्दल एक सावधगिरीची सूचना करतो. गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा आमदार झाले, हा दाभाडीच्या विचाराचा विजय मानण्याची घाई करू नये. १९७२ आणि १९९५ मध्ये त्याच तालुक्याने त्यांना हरवलेही आहे. दुष्काळी भागात पाण्यासाठी झगडणारा, सूतगिरणी उभारणारा आणि साधेपणाने राहणारा माणूस म्हणून लोक त्यांच्याशी जोडले गेले, शिवाय धनगर समाजाची मोठी साथ होती. २०१९ मध्ये ते स्वतः उभे नव्हते आणि त्यांच्या नातवाचा ७६८ मतांनी पराभव झाला. २०२४ मध्ये दुसऱ्या नातवाने ती जागा परत मिळवली. यातली किती मते पक्षाची आणि किती घराण्याची, हे बूथवार आकडे समोर ठेवूनच पाहावे लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सात-बाराच्या दोन रकान्यांचा दाखला मला फार मोलाचा वाटला. चरीच्या परिसरातील गावांचे जुने फेरफार आणि तिथले मतदान शेजारी ठेवून पाहायचे मी ठरवले आहे.