इराक युद्ध म्युझियममध्ये शिकवावं का? अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना?

टेम्सकाठची:
लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमकडे एक गाडी आहे, म्हणजे गाडी उरलेलीच नाही, गंजलेला चेपलेला पत्रा आहे नुसता. ५ मार्च २००७ ला बगदादच्या मुतनब्बी स्ट्रीटवर बॉम्बस्फोट झाला त्यातली. ही पुस्तकवाल्यांची गल्ली, तीसच्या वर माणसं गेली, तिथल्या शाहबंदर कॅफेच्या मालकाची चार मुलं आणि एक नातू एकाच दिवशी. जेरेमी डेलर या कलाकाराने २००९ मध्ये ती गाडी ट्रेलरवर टाकून अमेरिकाभर फिरवली, सोबत एक इराकी माणूस आणि इराकमध्ये जाऊन आलेला एक अमेरिकन सैनिक, लोक येऊन त्यांना मनात येईल ते विचारायचे. २०१० ला ती म्युझियममध्ये आली. माझं मत स्पष्ट आहे, ए-लेव्हलच्या म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या मुलांना हे युद्ध अशा वस्तूसमोर बसवून शिकवावं आणि तेही डेलरसारखंच, लेक्चर नको, विचारू देत त्यांना. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_नाना:
अजिबात पटलं नाही. पहिलं महायुद्ध शिकवा ना, शंभर वर्षं झाली त्याला. इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक गेले, त्यांचे आईबाप आज हयात आहेत, आणि त्याच वर्गात घरदार सोडून आलेल्या इराकी घरातली मुलगी असू शकते. तिला तो पत्रा दाखवून "बोल, काय वाटतं" विचारायचं? हा छळ आहे ताई.

टेम्सकाठची:
नाना, त्या मुलीला बोलायला लावायचं नाहीच. तिला आणि घरच्यांना आधी सांगायचं, नसेल यायचं तर नाही यायचं. पण शंभर वर्षं थांबा हे मला मान्य नाही, कारण हे म्युझियमच १९१७ साली, महायुद्ध चालू असताना स्थापन झालं. तेव्हा तर घराघरात सुतक होतं. आणि ब्रिटन इराक युद्धात कसा उतरला याच्या सरकारी चौकशीचा चिल्कॉट अहवाल २०१६ मध्येच आलाय, शांततेचे मार्ग संपायच्या आधीच युद्धात उतरलो असं त्यात सरळ लिहिलंय, मग अजून कशाची वाट बघायची?

खडू_फळा:
मी इथे इंग्लंडमध्ये इतिहास शिकवतो. १९९६ च्या शिक्षण कायद्यात आहे की राजकीय वादाचा विषय निघाला तर दोन्ही बाजू समतोल मांडायच्या. कायदा चांगलाय पण त्याच्या धाकाने बरेच शिक्षक विषयच टाळतात, पालकांची तक्रार कोण ओढवून घेणार. म्युझियममध्ये वस्तू समोर असते, तिथे मी नाही, ती वस्तू चर्चा सुरू करते. वय लहान म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, ब्रिटिश आर्मी १६ व्या वर्षी भरती करून घेते. लढाईवर १८ नंतर पाठवतात, पण सही १६ ला चालते. सही चालते तर प्रश्न का नाही चालत?

मुलुंडची_मुक्ता:
पण युद्ध केलं सरकारने आणि त्याच सरकारच्या पैशावरचं म्युझियम शिकवणार? बॉम्ब दाखवतील, पण इराककडे ४५ मिनिटांत संहारक शस्त्रं तयार होतात असं सांगणारा ब्रिटिश सरकारचा २००२ चा तो दस्तऐवज दाखवतील का? गाडी बघून मुलं हळहळतील, निर्णय कोणी घेतला ते बाजूलाच राहील, मला खरी भीती याची वाटते.

टेम्सकाठची:
मुक्ता, हे एकदम मान्य, तो दस्तऐवज गाडीशेजारी टेबलावर हवाच. आणि १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनमध्ये लाखो लोक विरोधात रस्त्यावर उतरले होते, तेही सांगायला हवं. मुलांना कळू दे की त्या वेळीसुद्धा सगळे गप्प नव्हते.

रोखठोक_नाना:
माझा विरोध कायम आहे. तुम्ही डेलरचं उदाहरण दिलंत पण त्यात जीव होता तो त्या दोन माणसांमुळे. रोज शाळांच्या बॅचेस येणार, दरवेळी इराकी माणूस आणि सैनिक कुठून आणणार?

खडू_फळा:
म्युझियमकडे प्रत्यक्ष अनुभवलेल्यांच्या रेकॉर्डिंगचा मोठा संग्रह आहे, त्यावर काम भागेल.

रोखठोक_नाना:
रेकॉर्डिंगला उलटा प्रश्न विचारता येत नाही सर. मुलांनी विचारावं म्हणूनच नेताय ना? मग वर्षातून दोनच बॅचेस न्या, पण माणूस समोर बसवा, आणि त्याला त्याचं मानधन द्या.