तंबोऱ्याची जवारी बंद झाली म्हणजे नेमकं काय?

जोडतार: जनानी तंबोरा, चार तारा, काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) बनवून घेतलेला. नव्या विद्यार्थिनीसाठी काळी तीनला उतरवला, तेव्हापासून जोडातली (मधल्या, षड्जाच्या दोन तारांतली) एक तार ठक्क वाजते आणि खर्ज (सगळ्यांत खालच्या सुराची तार) नुसता खरखरतो. दुरुस्तीवाले म्हणतात, 'जवारी बंद आहे, घोडी घासावी लागेल.' जवारी म्हणजे घोडीच का? आणि घासण्याआधी घरी काही करता येईल?

खुंटीपिळ्या: बोलताना सगळे एकच म्हणतात, घोटाळा तिथेच होतो. घोडी म्हणजे तबलीवरचा (भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावरचा) तो रुंद पाट, ज्यावरून तारा जातात. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी बेताचा उतार, आणि त्यातून उठणारा झणकारही. तार कडेवरून एकदम सुटत नाही, उतारावर टेकत-सुटत राहते. फार लवकर सुटली की स्वर कोरडा, तीच 'बंद' जवारी. फार रेंगाळली की खरखर. तुमच्याकडे दोन्ही आहेत, कारण पट्टी उतरवली की ताण घटतो आणि तार उतारावर वेगळ्या तऱ्हेने टेकते.

जवारी लागली का, हे कानाने ठरवा: खर्जातून गांधार आणि पंचमाच्या तारेतून निषाद आपोआप उमटला पाहिजे.

सूतकाम: आधी घासू देऊ नका, घासलेली घोडी परत भरता येत नाही. दोरा घालून बघा.

तारा सुरात आणा. मग साधा शिवणाचा सुती दोरा, एकपदरी, वीतभर घ्या. तो तारेखालून घोडीच्या माथ्यावर घाला, दोन्ही टोकं एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने तार छेडत राहा. छेडणं थांबवून दोरा सरकवलात तर काही कळणार नाही. एका दिशेला हळूहळू न्या: आधी मुका आवाज, मग अचानक तार उघडते, आणि आणखी केसभर गेलात की पत्रा वाजल्यासारखी होते. उघडते तिथे थांबा, टोकं सोडून द्या. चारही तारांची जागा एका रेषेत येईलच असं नाही, ओळ सुंदर दिसावी म्हणून सरकवू नका (हे फार जण करतात).

दोरा हलला की स्वरही किंचित हलतो, म्हणून शेवटी मणी (घोडीच्या खाली तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा). लंगोटाकडे (खाली तारा अडकवतात तिकडे) ढकलला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीला पुन्हा हात लावलात तर दोऱ्याची जागा परत शोधावी लागेल. जाड दोरा नको, त्याने तार माथ्यावरून उचलली जाते.

तारगहन: दोऱ्याचं सगळं बरोबर, पण आधी चरा (तारेने घोडीवर पाडलेली खाच) तपासा. तार जरा सैल करून बाजूला सारा आणि ती टेकते तिथे नख फिरवा. नख अडकलं तर तारेने घोडी खाल्ली आहे. तिथे दोऱ्याने फार तर चार दिवस निघतील, घासूनच घ्यावी लागेल.

मात्र 'जवारी करून द्या' एवढंच सांगू नका. 'काळी तीनला करून द्या' म्हणा आणि ज्या तारा कायम राहणार त्याच चढवून द्या. जवारी पट्टीला आणि तारेच्या जाडीला बांधलेली असते. काळी तीनच ठेवायची असेल तर तारा एक नंबर जाड घ्या, ताण पुन्हा जागेवर येईल. पण त्याच तारा नंतर काळी चारला ओढू नका, ताण फार वाढेल. मिरजेला सतारमेकरांकडे पाठवणार असाल तर तारा काढू नका, फक्त ढिल्या करा.

जोडतार: जोड उघडला, दोऱ्यानेच. खर्जाखाली मात्र नख अडकतंय.

तारगहन: मग खर्जाचा दोरा काढा आणि घोडी घासायला द्या. जोडाला हात लावू नका म्हणून सांगा.

खुंटीपिळ्या: ते जमणार नाही. खर्जाखालचा चरा काढायचा तर माथा सगळाच उतरवावा लागतो, नाहीतर तिथे खळगा पडेल. चारही तारांची जवारी नव्याने करून घ्या.