झुनी लोकांच्या मातीच्या भट्टीतला पाव

मृण्मयी_क: पुढच्या महिन्यात न्यू मेक्सिकोत जातोय, झुनी पुएब्लोला, म्हणजे झुनी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या गावी थांबायचं आहे. तिथल्या आंबवलेल्या पावाबद्दल बरंच ऐकलंय. अंगणातल्या मातीच्या भट्टीचा ताव त्यांना कळतो कसा? कोणी पाहिलंय का?

सुलभा_गॅलप: पाहिलंय, आणि मदतही केली आहे. माझ्याबरोबर शिकवणारी एक मैत्रीण झुनी आहे. तिच्या आई रात्रीच पीठ मळून ठेवतात. सकाळी भट्टीत सीडरची लाकडं पेटवायची आणि निखारे होईपर्यंत जळू द्यायची. मग निखारे ओढून काढायचे आणि ओल्या फांद्यांच्या झाडूने तळ झाडायचा. यापुढे आत विस्तव नसतोच, तापलेल्या भिंतीच पाव भाजतात! ताव बघायला मावशी मक्याचं वाळलं पान आत टाकतात. लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं की लांब फळीने पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचं. एका वेळी कितीतरी पाव निघतात, कारण ते एका घरापुरते नसतातच. डिसेंबरच्या सुमारास शलाको हा त्यांचा मोठा धार्मिक सण असतो. तेव्हा ज्या घरी देवता येतात तिथे आलेल्या प्रत्येकाला जेवू घालतात. त्या दिवसांत बायका किती राबतात ते बघून मला फार आदर वाटतो.

अनिकेत_द: पण गहू आणि ही भट्टी स्पॅनिश लोकांनी आणली ना? ते 1540 मध्ये तिथे पोचले. मूळ अन्न मक्याचंच असणार.

सुलभा_गॅलप: बरोबर, अनिकेत. मक्याची जुनी भाकरी म्हणजे हेवे. निळ्या मक्याच्या पिठात थोडी राख घालतात, त्याने निळा रंग टिकतो. तापलेल्या गुळगुळीत दगडावर ते पातळ पीठ हाताने सारवायचं, क्षणात घावनापेक्षाही पातळ पापुद्रा सुटतो. हात भाजू न देता हे जमायला वर्षं लागतात. पूर्वी जाडसर ते बारीक अशा ओळीने मांडलेल्या दगडांवर बायका मका दळत. झुनींमध्ये घर बाईचं, लग्नानंतर नवरा तिच्या घरी राहायला येतो. कोठारातल्या मक्यावरही तिचाच हक्क. माझ्या मते तिथलं स्वयंपाकघर समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी.

मृण्मयी_क: सुलभाताई, खूप आभार! भट्टीचे फोटो काढता येतील?

सुलभा_गॅलप: आधी व्हिजिटर सेंटरला जा, फोटोसाठी परवाना लागतो. विधींचे मात्र अजिबात काढू नकोस. कोणाच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नकोस. आणि पाव गरम असतानाच खा.