झेनॉन चाचणीचे १००० तास म्हणजे मुंबईच्या उन्हातील किती वर्षे?

प्रश्न: अंधेरीतील आमच्या कारखान्यात गच्चीवरील बागेसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या कुंड्या तयार होतात. दोनच उन्हाळ्यांत त्यांचा रंग उडाला आणि काठांना तडे गेले, याची मला मनापासून खंत वाटते. सूर्यप्रकाशासारखा प्रकाश देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली १००० तासांची, ऊन-पावसाचा परिणाम लवकर दाखवणारी चाचणी करून घेतली, तर ग्राहकांना टिकाऊपणाची वर्षे खात्रीने सांगता येतील का?

उत्तर १: तसा थेट हिशेब कृपया मांडू नये. आयएसओ ४८९२-२ या प्लास्टिकच्या झेनॉन चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील प्रचलित चक्रात १०२ मिनिटे कोरडा प्रकाश आणि १८ मिनिटे प्रकाशासह पाण्याची फवारणी असते. परंतु प्रत्येक प्लास्टिकचा व रंगद्रव्याचा ऱ्हास वेगळ्या गतीने होत असल्यामुळे तासांचे वर्षांत रूपांतर करणारा एकच गुणक सर्वांना लागू पडत नाही. तडे गेलेल्या जुन्या मालाचे न वापरलेले नमुने शिल्लक असतील, तर ते नव्या नमुन्यांशेजारी त्याच यंत्रात ठेवावेत. माझ्या मते या तुलनेइतके विश्वासार्ह दुसरे काही नाही.

उत्तर २: तापमानाकडेही लक्ष द्यावे. गडद कुंडी भोवतालच्या हवेपेक्षा बरीच अधिक तापते, म्हणूनच यंत्रात नमुन्यांसोबत ठेवलेल्या काळ्या धातूच्या पट्टीचे तापमान, बहुधा ६५ अंश सेल्सिअस, नियंत्रित करतात. ते वाढवून निकाल लवकर मिळवण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे प्रत्यक्ष उन्हात न होणारे बिघाडही दिसू लागतात.

उत्तर ३: प्लास्टिकच्या मिश्रणात अतिनील स्थिरक, म्हणजे उन्हातील अतिनील किरणांपासून प्लास्टिकचे रक्षण करणारे द्रव्य, किती आहे, हे पुरवठादाराला आधी विचारावे. शिवाय काही नमुने कारखान्याच्या गच्चीवर पावसाळ्यासह वर्षभर ठेवावेत.